गिऱ्हाईक आलंय, बघ जरा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नम्रता आणि माहिती एका छपराखाली नांदत नाहीत, असं माझं बऱ्याच वर्षांच्या खरेदीनंतर झालेलं मत आहे. जिथे काचेचं दार उघडायला माणूस ठेवलेला असतो, पाण्याची बाटली आपणहून पुढे येते आणि वाक्यागणिक ‘सर’ होतं, तिथे विकणाऱ्याला वस्तूतलं ओ की ठो कळत नसतं. आणि जिथे काउंटरवरचा माणूस मान वर न करता ‘हां, बोलो’ एवढंच म्हणतो, टेकायला स्टूलही नसतं, तिथे त्याला त्या वस्तूच्या पोटातला शेवटचा स्क्रूसुद्धा पाठ असतो. माहितीही आहे आणि नीट बोलतोही, असा माणूस मला भेटलाच नाही असं नाही. भेटला होता. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो नोकरी सोडून गेला होता.

आधी काचेच्या दाराकडे वळू, कारण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात अख्खा मध्यमवर्ग तिथेच असतो. आत पाऊल टाकताच तीन-चार मुलं चालून येतात. गिऱ्हाइकाला वाटतं, सगळी दुकानाचीच. तसं नसतं. त्यांतली बरीचशी वेगवेगळ्या कंपन्यांनी आपल्या पगारावर त्या दुकानात उभी केलेली असतात. दुकानाला फुकटचा नोकर मिळतो, कंपनीला आपला माणूस मिळतो, आणि मधल्यामध्ये ‘चांगला फ्रिज कुठला?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या खिशावर कुठल्या कंपनीची खूण आहे यावर ठरतं. आमच्या वहिनींनी हाच प्रश्न विचारला तेव्हा एकानं त्यांना डावीकडे बोलावलं, दुसऱ्यानं उजवीकडे. तिसरा मुलगा गप्प उभा होता. हाच काय तो सज्जन, असं समजून वहिनी विश्वासानं त्याच्याकडे वळल्या, तर तो मायक्रोवेव्हचा निघाला.

शेवटी डावीकडच्याची सरशी झाली.

‘मॅडम, यात इन्व्हर्टर टेक्नॉलॉजी आहे.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे आत इन्व्हर्टर असतो.’

‘म्हणजे लाइट गेली तरी चालणार?’

मुलगा क्षणभर घुटमळला. प्रशिक्षणात हा प्रश्न आला नव्हता. मग म्हणाला, ‘मॅडम, दार उघडलं नाही तर थंड राहतो.’ हे आमच्या आईच्या लाकडी फडताळाबद्दलही थोड्याफार फरकानं खरं होतं. वास्तविक प्रकरण साधं आहे. जुना कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगानं चालतो नाहीतर पूर्ण बंद पडतो. इन्व्हर्टरवाला गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे वीज वाचते. लाइट गेल्यावर तोही आपल्याबरोबर अंधारात बसतो. पण हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला ‘ग्राहकाचं नाव विचारा, हसा’ एवढं सांगितलेलं असतं, आणि ते तो इमानेइतबारे करतो.

टीव्हीच्या भिंतीपुढे तर बोलायचीही गरज नसते. तिथे मासे असतात. समुद्रतळाशी निवांत फिरणारे निळे-पिवळे मासे, ट्यूलिपचे मळे, पोपटाच्या मानेवरचं एकेक पीस. शोरूमसाठी टीव्हीत वेगळा मोडच असतो. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांत उठून दिसावं म्हणून उजेड आणि रंग दोन्ही टोकाला नेऊन ठेवलेले असतात. तोच टीव्ही घरी येऊन भिंतीवर चढतो, त्यावर साडेसातची मालिका लागते, आणि घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आपल्याला दुसराच पीस दिला का हो?’ मी एकदा विचारलं होतं, ‘जरा बातम्या लावून दाखवता का?’ तर मुलगा अदबीनं म्हणाला, ‘सर, इथे केबल नाही.’ दुकानात टीव्ही शंभर असतील, पण टीव्ही बघायची सोय नव्हती.

मग भाव. ‘शेवटचं किती?’ असं आपण विचारलं की शोरूममधला मुलगा तोंडानं आकडा उच्चारत नाही. कॅल्क्युलेटरवर बोटं चालवतो, दोनदा पुसतो, परत चालवतो आणि पडदा आपल्याकडे वळवतो. मोठ्यानं बोललं तर आपल्याला दिलेला आकडा शेजारच्या गिऱ्हाइकाला कळेल ना. आपण तोंड वाकडं केलं की तो म्हणतो, ‘मॅनेजरशी बोलून येतो’ आणि एका खांबामागे जातो. खांबामागे खरोखर मॅनेजर असतो की नुसता खांब, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. तो येतो तेव्हा चेहऱ्यावर लढून आल्याचा थकवा असतो आणि कॅल्क्युलेटरवर पाचशे रुपये कमी असतात. आपल्यालाही उगाच भरून येतं.

त्यापुढे हप्त्यांचं टेबल. पूर्वी इथे ‘० टक्के व्याज’ असा फलक असायचा. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना खडसावलं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो. ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर न दिलेल्या सवलतीत दडवलेलं असतं. बाजारानं हे फार मनावर घेतलं. फलक बदलला. आता त्यावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ लिहितात.

पण माझा सगळ्यात आवडता क्षण याच्यानंतर येतो. पैसे द्यायची वेळ. अर्धा तास जो मुलगा सांगत होता की या वॉशिंग मशीनला काही म्हणजे काही होत नाही, माझ्या मावशीकडे कधीपासूनचं आहे, हात लावावा लागलेला नाही, तोच मुलगा बिलाच्या काउंटरजवळ आल्यावर आवाज खाली आणतो. ‘सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका.’ का? तर आतलं सर्किट बोर्ड जातं. मोटर जाते. व्होल्टेज वरखाली झालं तर डिस्प्ले जातो. वॉरंटी संपली की दुसऱ्याच महिन्यात बंद पडतं सर, आमच्याकडे रोज केस येतात. एवढ्या तपशिलानं त्यानं मशीनची माहिती पहिल्यांदाच दिलेली असते. ‘मग मावशींकडचं?’ असं विचारायचा मोह होतो, पण त्याचं महिन्याचं टार्गेट त्याच्या डोळ्यांत दिसत असतं आणि आपण गप्प बसतो.

आणि मोबाइल नंबर. तो दिल्याशिवाय बिल निघत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं होतं की बिलासाठी ग्राहकाच्या फोन नंबरचा आग्रह धरू नका. आमच्या तळमजल्यावरचे काका ते कात्रण पाकिटात घेऊन फिरतात. त्यांनी ते काउंटरवरच्या मुलीला दाखवलं. तिनं पूर्ण वाचलं, मान डोलावली आणि म्हणाली, ‘बरोबर आहे काका, पण सिस्टीम पुढे जात नाहीये.’ शेवटी काकांच्या सल्ल्यानं दहा वेळा नऊ दाबले, आणि सिस्टीम आनंदानं पुढे गेली. त्या नंबरवर आतापर्यंत किती फ्रिज नोंदले गेले असतील, याचा हिशेब लावत काका घरी आले.

आता काउंटर. मुंबईत काउंटर म्हणजे लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तो आपल्यालाच पत्ता विचारील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता आणि आता त्याच्या नावावर राउटर आणि रॅम विकले जातात. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षांहून जास्त चालला, त्यामुळे गर्दीला तोंड द्यायची या रस्त्याला जुनीच सवय. दुकानं म्हणजे काय, तर दोन माणसं आडवी उभी राहिली की भरलेला गाळा, वर लाकडी माळा, माळ्यावरून खाली सोडलेली दोरी आणि दोरीला पिशवी.

इथे कुणी स्वागत करत नाही. शेठ एका कानाशी फोन धरून सुरतेच्या पार्टीशी बोलत असतो, डाव्या हातानं एकाला सुटे पैसे देत असतो आणि भुवई वर करून आपल्याला विचारत असतो. ती भुवई म्हणजेच ग्राहकसेवा. भुवई वर असेपर्यंत आपलं वाक्य संपलं पाहिजे. ‘मला जरा एक केबल हवी होती, म्हणजे आमच्याकडे जो मॉनिटर आहे ना’ असं सुरू केलंत की भुवई खाली येते आणि तुमच्या मागच्या मुलाचा नंबर लागतो. तो म्हणतो, ‘डीपी टू एचडीएमआय, दीड मीटर.’ पाच शब्दांत त्याचं काम होतं. आपण बाजूला उभं राहून वाक्य लहान करत बसतो. गांधीजींच्या चित्राखालचा तो प्रसिद्ध फलक, ग्राहक हा आपल्या दुकानातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा वगैरे, इथेही असतो. ते गांधीजींचंच म्हणणं असल्याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही, हा भाग सोडा. पण तो नेहमी शेठच्या डोक्यामागे लावतात. म्हणजे तो वाचता येतो फक्त ग्राहकाला.

वस्तू दुकानात असतेच असं नाही. ‘दो मिनिट’ म्हणून शेठ पोऱ्याला गोडाऊनमध्ये पिटाळतो. गोडाऊन म्हणजे बहुतेक वेळा चार गाळे पलीकडचं दुसरं दुकान. मी एका दुकानात भाव विचारून, महाग वाटला म्हणून पुढच्या दुकानात गेलो होतो. पुढच्या दुकानातला पोऱ्या ‘गोडाऊन’कडे धावला आणि मागच्या दुकानातून तोच खोका घेऊन आला. मागच्या दुकानदारानं गाळ्याबाहेर मान काढून माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसला. त्याचा काही तोटा झालाच नव्हता.

‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न इथे विचारू नये, कारण त्याला उत्तरं फार आहेत. ओरिजिनल असतो, एकदम ओरिजिनल असतो, कंपनीचा ओरिजिनल असतो आणि ‘कंपनी जैसा ही’ ओरिजिनल असतो. भाव या क्रमानं लागत नाहीत, हीच गोम आहे. वॉरंटीचेही प्रकार आहेत. सगळ्यात छोटी ‘टेस्टिंग वॉरंटी’. म्हणजे वस्तू इथे लावून दाखवली, दिवा लागला, आवाज आला, संपलं. ती दुकानाच्या पायरीवर सुरू होते आणि त्याच पायरीवर संपते.

तरीही मी सांगतो, माहिती हवी तर इथेच यावं. पेन ड्राइव्हचं घ्या. ६४ जीबीचा म्हणून विकत घेतला, घरी लावला तर संगणक ५९ पॉइंट काहीतरी दाखवतो. उरलेले चार जीबी कुणी खाल्ले? हा प्रश्न मी वेगवेगळ्या ठिकाणी मुद्दाम विचारला आहे. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘सर, ते सिस्टीम खाते.’ लॅमिंग्टन रोडवर उत्तर मिळालं, ‘सबका उतना ही आता है.’ हे शास्त्रशुद्ध नसलं तरी खरं होतं. आणि पुण्यात, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, रद्दी बिलाची पाठ पुढे ओढली आणि गणित घातलं. कंपनी हजारानं मोजते, संगणक १०२४ नं. १०२४ चा घन म्हणजे १,०७,३७,४१,८२४. ६४ अब्जाला त्यानं भागा. ५९.६ आले का? आले. मग कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘शाळेत घन शिकवतात. आणखी काही?’ पुण्यात माहिती मिळते, फुकट मिळते, फक्त तिच्याबरोबर आपली परीक्षाही होते.

तळमजल्यावरच्या काकांचा मात्र या माहितीवर राग आहे. त्यांचा संगणक रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जायचा. चालू केला की १ जानेवारी, तीही कुठल्यातरी भलत्याच सालची. बँकेची वेबसाइट उघडली की ‘हे सुरक्षित नाही’ असा लाल इशारा. काकांनी निष्कर्ष काढला की पेन्शनवर हॅकरांची नजर आहे. महिनाभर निरीक्षण करून त्यांनी वहीत तारीखवार नोंदी केल्या, वही आणि सीपीयू दोन्ही टॅक्सीत घातले आणि मला बरोबर घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. काउंटरवर सीपीयू ठेवला, वही उघडली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली, ‘त्याचं काय झालं, साधारण होळीच्या सुमारास...’

‘टाइम पीछे जाता है?’

‘हो, पण त्याआधी...’

‘सेल बदलो. छोटू, एक बत्तीस निकाल.’

सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ या सेलवर चालतं. सेल मेला की घड्याळ मेलं, तारीख मागे गेली, आणि तारीख चुकीची असली की बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. छोटूनं झाकण काढलं, नखानं जुना सेल उडवला, नवा बसवला. घर्रकन झाकण लागलं. चाळीस रुपये. हॅकर गेले.

काका परतीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत बोलले नाहीत. डॉक्टरनं नाडीही न बघता दारातूनच गोळी फेकावी, तसं त्यांना झालं होतं. ‘वही तरी बघायची,’ ते शेवटी म्हणाले. ‘निदान च् च् तरी करायचं.’ मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याला नुसती दुरुस्ती नको असते. आपला बिघाड गंभीर आहे, असं कुणीतरी म्हणायला हवं असतं.

ही गरज पूर्वी कॉलनीतला ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ बरोबर भागवायचा. बारावीनंतर कसलासा हार्डवेअरचा कोर्स केलेला. तो यायचा, चहा घ्यायचा, सीपीयू आडवा करायचा, आत बघून दीर्घ श्वास घ्यायचा. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबरानं घासायचा आणि परत बसवायचा. संगणक सुरू. कडांवर बसलेली पुटं गेली की संपर्क जुळतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण पट्टी घासताना तो जो चेहरा करायचा, त्याचे तीनशे रुपये होते. आणि रबरानं भागलं नाही, तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य तो इतक्या हळुवार आवाजात बोलायचा की घरातल्या बायका पदर सावरून बसायच्या.

नम्रताही भरपूर आणि माहितीही शून्य नाही, तरीही काम होत नाही, अशी तिसरी जागा म्हणजे कंपनीचं सर्व्हिस सेंटर. आधी फोन. ‘मराठीसाठी तीन दाबा.’ तीन दाबलं की मराठी बाई सांगते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुढे हिंदीतला मुलगा येतो. तो आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल इतक्या वेळा दिलगिरी व्यक्त करतो की शेवटी आपणच त्याला धीर देतो. मग टोकन, बाकडं, काचेमागची मुलगी. माझा फोन तिनं आत पाठवला आणि थोड्या वेळानं ट्रेमध्ये परत आणून त्यातला एक ठिपका दाखवला. फोनच्या आत असे पांढरे कागदी ठिपके चिकटवलेले असतात. पाणी लागलं की ते लाल होतात. लाल म्हणजे ‘लिक्विड डॅमेज’, लिक्विड डॅमेज म्हणजे वॉरंटी बाद. मी म्हटलं, पाण्यात पडलेला नाही, फक्त जुलै महिना ठाण्यात होता. ती म्हणाली, ‘सर, नुसत्या दमट हवेनं लाल होत नाही, असं कंपनी म्हणते.’ कंपनीचं मुख्यालय कोकणपट्टीत नाही, एवढंच मी म्हणालो.

घरी येणारा टेक्निशियन हा वेगळा विषय आहे. मशीन कुठलंही असो, तो आधी मशीनकडे बघतच नाही. तो आपल्या भिंतीकडे बघतो. प्लगमध्ये मीटरच्या दोन सुया खुपसतो, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजतो आणि मान हलवतो. ‘अर्थिंग नाहीये तुमच्याकडे.’ दोन-तीन व्होल्टच्या वर असता कामा नये, इथे अकरा दाखवतंय. म्हणजे दोष मशीनचा नाही, घराचा आहे. आणि घराची वॉरंटी बिल्डरनं दिलेली नाही. अर्थिंग ठीक निघालं तर दुसरा आरोपी उंदीर. मशीन आडवं करून तो कुरतडलेली वायर चिमटीत धरून दाखवतो, सोबत चार लेंड्या पुराव्यादाखल. ‘रोडेंट डॅमेज वॉरंटीत बसत नाही.’ आपण वर्षातून दहा दिवस ज्याच्या मालकाची आरती करतो, त्यानं असं वागावं!

आणि जाताना तो म्हणतो, ‘ओटीपी आलाय, सांगा.’

‘पण काम कुठे झालंय?’

‘पार्ट ऑर्डर करायचाय. कॉल क्लोज केला नाही तर माझा दिवस धरत नाहीत. आणि पाच स्टार द्या हां साहेब. चार दिले की कापतात.’ त्याच्या पाठीवरची बॅग, चार मजले चढून आलेला दम, खाली उन्हात उभी असलेली स्कूटर बघून आपण ओटीपीही देतो आणि पाच स्टारही. संध्याकाळी कंपनीचा आपोआप फोन येतो, तुम्ही समाधानी असाल तर एक दाबा. कपडे बादलीत भिजत असतात. कंपनीच्या दफ्तरी मात्र आमच्या इमारतीतलं सगळ्यात समाधानी घर आमचंच आहे.

यावर कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलाच्या तळाशी छापायची आपल्याकडे परंपरा असली, तरी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लागत नाही, आणि वस्तू ५ लाख रुपयांपर्यंतची असेल तर फीही लागत नाही. १९१५ नंबरची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. काकांना हे सगळं कलमांसह पाठ आहे. त्यांचा कीबोर्ड तिसऱ्या दिवशी बंद पडला तेव्हा त्यांनी काउंटरवर उभं राहून दुकानदाराला पूर्ण कलम ऐकवलं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, ‘काका, कायदा शंभर टक्के बरोबर आहे. बिल दाखवा.’

बिल नव्हतं. जीएसटीचे अठरा टक्के वाचवायला काकांनीच ‘बिलाशिवाय किती?’ विचारलं होतं. १९८६ चा पहिला ग्राहक कायदा यायच्या बारा वर्षं आधी, १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यात काकांचा जन्म आणि शिक्षण. चहा मात्र त्यांनी घेतला.

आपल्याकडची गिऱ्हाइकंही काही साधीसुधी नाहीत, हे दुकानदाराच्या बाजूनं बोलायलाच हवं. शोरूममध्ये तासभर एसी खाऊन, सगळे टीव्ही पुढून-मागून बघून, लेबलवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून ‘मिसेसना विचारून येतो’ म्हणत बाहेर पडणारे सद्गृहस्थ मी बघितले आहेत. मिसेस शेजारीच उभ्या होत्या. टीव्ही ऑनलाइन येतो, आणि मग त्याच शोरूममध्ये ‘याला केबल कुठली लागेल हो?’ विचारायला तेच जोडपं येतं. मुलगा तरीही ‘सर’ म्हणतो. या बाबतीत तो माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे.

आणि परदेशचा माल. ज्याचा मुलगा किंवा जावई न्यू जर्सीला आहे, असा माणूस लॅमिंग्टन रोडला आला की काउंटरवर त्याला लांबूनच ओळखतात. पिशवी विमानतळावरची असते. मागे माझ्यापुढे असेच एक निवृत्त गृहस्थ उभे होते. मुलानं लॅपटॉप पाठवला होता. तिकडे वीज १२० व्होल्टची, इथे २३०, त्यामुळे मोठा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा, असं त्यांनी व्यवस्थित अभ्यास करून ठरवलं होतं.

शेठनं त्यांच्या हातातला अॅडॉप्टर घेतला, उलटा केला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि मुंगीच्या अक्षरांत छापलेली ओळ त्यांच्या नाकापाशी नेली. ‘पढ़ो.’

‘इनपुट, १०० ते २४० व्होल्ट,’ गृहस्थांनी वाचलं.

‘तो? ट्रान्सफॉर्मर नहीं लगता. पिन ले जाओ. तीस रुपया.’

‘पण गेल्या वेळी मिक्सर आणला होता, तो जळला.’

‘मिक्सर पे क्या लिखा था?’

‘१२० फक्त.’

‘तो जलेगा ही. आगे बोलो, किसका नंबर है?’

गृहस्थ दुखावले. एवढ्या लांबून आलेला लॅपटॉप आणि उपाय तीस रुपयांचा, हे त्यांना झेपेना. ‘यांना विकायचीच इच्छा नाही,’ असं मला उद्देशून म्हणत ते समोरच्या एसी दुकानात शिरले. काचेतून दिसत होतं, त्यांना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. एक टायवाला मुलगा वाकून, माना डोलावत त्यांचं ऐकत होता. मिक्सरची हकिगत त्यानं पूर्ण ऐकून घेतली असावी, कारण मधे त्यानं गालावर हातही ठेवला.

पाच मिनिटांत तिथला पोऱ्या रस्ता ओलांडून आमच्याच काउंटरवर आला. ‘शेठ, एक स्टेप-डाऊन, पाचसौ वॉट. गोडाऊन से मंगाया है.’

शेठनं मान वर केली नाही. ‘छोटू, माळ्यावरून दे एक. बारासौ लिख.’ मग काउंटरवरच्या बरणीत हात घालून त्यानं एक पिन काढली आणि खोक्यावर ठेवली. ‘ये भी डाल दे साथ में. घर जा के लगेगा उनको.’